अंगठा देण्याआधी

न वाचता कागदावर अंगठा उठवला आणि जमीन गेली, अशा गोष्टी माजलगावकडच्या जुन्या माणसांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकल्या. पुढे शिकून सॉफ्टवेअर इंजिनिअर झालो. आता सणासुदीला गावी आलो की घरच्या ओसरीवर, मोंढ्यातल्या दुकानांत माणसे मोबाइल पुढे करतात. "दादा, हे काय आलंय बघ की." त्यांच्या प्रश्नांमागे बहुतेक वेळा एकच समजूत असते: मोबाइल हुशार आहे, आपली चूक झाली तर तो थांबवेल. मी रोज प्रोग्रॅम लिहितो, म्हणून खात्रीने सांगतो की प्रोग्रॅमला तुमच्या मनातले कळत नाही. कोणते बटण दाबले गेले, एवढेच त्याला कळते. काचेवर टेकवलेले बोट म्हणजे कागदावर उठवलेला अंगठाच. तो कशावर उठतो, हे समजावे म्हणून पाच गैरसमज इथे मांडतो.

गैरसमज १ : पैसे खात्यात यायलाही पिन टाकावा लागतो.

वस्तुस्थिती : म्हैस किंवा जुनी मोटर विकायची म्हणून मोबाइलवर जाहिरात टाकली की अनोळखी फोन येतो. समोरचा भाव करत नाही, म्हशीचे दात पाहायला येत नाही, लगेच सौदा पक्का करतो. मग क्यूआर कोड पाठवून म्हणतो, "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." इथेच थांबावे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, तेव्हापासून पिनचा अर्थ एकच आहे: माझ्या खात्यातून पैसे काढायला माझी संमती आहे. शिल्लक पाहतानाही पिन लागतो, कारण तेव्हाही आपण आपलेच खाते उघडत असतो. पैसे घेणाऱ्याने मात्र पिन टाकायचा नसतो. क्यूआर कोडमध्ये पैसे नसतात. पैसे कोणाला द्यायचे त्याचा पत्ता असतो, कधी रक्कमही आधीच भरलेली असते.

दुकानदारांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण म्हणजे पावती नव्हे. हुबेहूब तशी खूण दाखवणारी बनावट अ‍ॅप असतात. आपल्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा दिसली, तरच माल द्यावा.

गैरसमज २ : ओळखीच्या नंबरवरून आलेली फाइल उघडायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : लग्नसराईत 'पत्रिका' येते, एरवी 'वाहनाचे चलन' किंवा 'योजनेची यादी'. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतील, तर ती पत्रिका नाही. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अख्खा प्रोग्रॅम. तो बसवताना मोबाइल विचारतो, अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप चालेल का? मग विचारतो, याला मेसेज वाचू देऊ का? दोन्हीला 'हो' म्हटले की बँकेचा ओटीपी त्या प्रोग्रॅमच्या मालकाला वाचता येतो. पाठवणारा भाचा किंवा मेहुणा असला, तरी त्याच्याच मोबाइलमध्ये शिरलेल्या प्रोग्रॅमने ती फाइल सगळ्यांना धाडलेली असू शकते. चुकून बसवलीच, तर आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करा, सिम काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

गैरसमज ३ : तलाठ्याचा शिक्का नसलेला ऑनलाइन सातबारा चालत नाही.

वस्तुस्थिती : ऑनलाइन सातबारा दोन प्रकारचा आहे. फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी. १५ रुपये भरून महाभूमीच्या शासकीय संकेतस्थळावरून जो उतरवून घेतो, त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते आणि तो कायदेशीर कामाला चालतो. त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही.

ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. संपूर्ण मजकुरावरून गणिताने एक आकडा काढतात आणि तो गुप्त किल्लीने बंद करतात. नंतर कोणी एका गुंठ्याचाही फेरफार केला, तर आकडा जुळत नाही आणि खाडाखोड उघडी पडते. म्हणून मूळ पीडीएफ जपून ठेवावी. तिचा फोटो काढून पाठवला, तर त्या फोटोत स्वाक्षरीचे गणित उरत नाही.

संकेतस्थळ खरे की खोटे, हे पत्त्याशेजारच्या कुलपावरून ठरवू नये. वाटेत मजकूर कोणी वाचू शकणार नाही, एवढेच कुलूप सांगते. पलीकडे कोण बसले आहे ते सांगत नाही, आणि भामट्यांनाही ते सहज मिळते. पत्ता शेवटाकडून वाचा. बहुतेक शासकीय संकेतस्थळांच्या मुख्य पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा असतो.

गैरसमज ४ : पासवर्ड चोरता येतो, अंगठा कसा चोरणार?

वस्तुस्थिती : पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात आधार आणि अंगठ्यावर पैसे निघतात. वृद्धांची आणि निराधार योजनेच्या लाभार्थ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. तिथे ओटीपी लागत नाही, अंगठा हीच सही. "जुळला नाही, पुन्हा ठेवा" असे कोणी म्हटले, तर आधी मेसेज पाहा, पहिल्या वेळचे पैसे गेले नाहीत ना? दर वेळी छापील पावती मागा. कागदावर उमटलेल्या ठशांवरून नकली अंगठे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. त्यावर सोपा उपाय आहे. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक 'लॉक' करता येते. पैसे काढायचे त्या दिवशी उघडायचे, पुन्हा लावायचे.

गैरसमज ५ : सिम बंद पडले तर नवे घेऊ, बिघडते काय?

वस्तुस्थिती : हे मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांकडे गेलेली माणसे पाच-सहा महिन्यांनी परततात. तेवढ्यात रिचार्ज राहतो, नंबर बंद होतो. बंद झालेला नंबर कंपनी निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाही, पण नंतर देऊ शकते. तुमच्या बँकेत आणि आधारला तोच नंबर असेल, तर तुमचा ओटीपी परक्या माणसाच्या हातात पडतो. म्हणून नंबर सोडण्याआधी बँकेत आणि आधार केंद्रात नवा नंबर नोंदवा. मुकादमाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर बँकेला देऊ नका.

पैसे गेलेच तर

गेलेले पैसे परत येतच नाहीत, असे समजून माणसे गप्प बसतात. घरात बोलतील म्हणून लाजतात. पण तोवर चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. कुठल्या तरी खात्यात आहेत तोवरच ते गोठवता येतात. म्हणून लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे. कळवायला उशीर केला, तर तोवरचे नुकसान मात्र आपल्यालाच सोसावे लागते.

आपल्या आज्या-पणज्यांना कागद वाचून दाखवणारे कोणी नव्हते. आज बहुतेक घरांत शाळा-कॉलेजात जाणारी पोरे आहेत. थोरांनी त्यांना "हे वाचून दाखव" म्हणायला संकोचू नये आणि पोरांनी वैतागू नये. बोट टेकवण्याआधीची ती दोन मिनिटे घरच्यांनी एकमेकांना द्यावीत.