पाणी ओसरतं, भाडं चढतं

आपत्तीनंतरचं घर : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण किल्लारीत होतो. १९९३च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या गावांत घरं दिली गेली ती जमिनीच्या मापाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना चारशे, त्यापुढे साडेसातशे. सातबारा मोठा तसं घर मोठं. तिथे एक प्रश्न राहून गेला होता. ज्याच्या नावावर घरच नव्हतं, जो दुसऱ्याच्या छपराखाली दरमहा पैसे मोजून राहत होता, त्याचं काय?

खेड्यात असे लोक थोडे असतात. शहरात मात्र कधी कधी तेच निम्म्याहून जास्त भरतात. म्हणून या आठवड्यात एका शहरात जाऊ, तेही दूरच्या: अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. तिथल्या भाडेकरूंची गोष्ट कोर्टाच्या कागदांत, जनगणनेत आणि सरकारी योजनांच्या नियमांत टप्प्याटप्प्याने वाचता येते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा तलाठ्याच्या पंचनाम्यापर्यंतही पोचत नाही.

२९ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी कतरिना वादळ किनाऱ्यावर आलं. शहराला बुडवलं ते वाऱ्याने नाही, फुटलेल्या बांधांनी. इंडस्ट्रियल कॅनॉल, सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कॅनॉल आणि लंडन अव्हेन्यू कॅनॉल यांच्या संरक्षक भिंती कोसळल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे पाणी आपणहून जाणार नव्हतं. ते पंपांनी उपसावं लागलं आणि त्यात आठवडेच्या आठवडे गेले. २००० सालच्या जनगणनेत शहरात ४,८४,६७४ माणसं होती, २०१०च्या जनगणनेत ३,४३,८२९. वादळाआधी इथली निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याने राहत होती.

घरांची टंचाई म्हटलं की घरं पडली, म्हणून कमी झाली, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. लुइझियाना राज्यात त्या वर्षीच्या वादळांनी भाड्याची सुमारे ८२,००० घरं मोडली किंवा नासवली, त्यातली पन्नास हजारांहून जास्त एकट्या न्यू ऑर्लिन्समधली. उरलेला अर्धा भाग मागणीचा आहे. काल जो स्वतःच्या घरात राहत होता तो आज भाड्याची खोली शोधतो आहे, कारण त्याच्या घराच्या भिंतींना छतापर्यंत बुरशी चढली आहे. विम्याचे तपासनीस, ठेकेदार, छप्पर घालणारे, वायरमन आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेतून साफसफाईला आलेले मजूर, सगळ्यांनाच रात्री टेकायला जागा हवी. आणि कोरडी जागा किती? मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने जाणारा उंचवट्याचा पट्टा आणि नदीपलीकडचा अल्जिअर्सचा भाग. तेवढ्या जागेत सगळे ग्राहक. त्यातले अनेक विम्याच्या किंवा कंपनीच्या पैशाने भाडं देणारे, म्हणजे घासाघीस न करणारे.

दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी केंद्र सरकार दरवर्षी त्या भागातलं वाजवी भाडं जाहीर करतं. न्यू ऑर्लिन्ससाठी ते २००५ मध्ये महिना सुमारे ६७५ डॉलर होतं. तीन वर्षांत ते ९९०च्या आसपास गेलं. हा सरकारी अंदाज आहे. बाजारात कोणी काय मागत होतं ते वेगळंच. हॉटेलात भांडी घासणाऱ्याचा किंवा शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईचा पगार तीन वर्षांत दीडपट होत नसतो.

आता ज्याचं घर कोरडं राहिलं त्या भाडेकरूकडे पाहा. छप्पर शाबूत, भिंती शाबूत, सामान जागच्या जागी. आपत्तीच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव येत नाही, कारण त्याचं नुकसान शून्य. पण त्याच घराला आता दुप्पट भाडं देणारा माणूस रस्त्यात उभा आहे. घर पडल्यामुळे बाहेर पडलेला भाडेकरू निदान मोजला तरी जातो. घर उभं राहिल्यामुळे बाहेर पडलेला कोणी मोजत नाही.

वादळानंतर राज्यपालांनी कोर्टाच्या कामकाजाच्या मुदती काही काळ थांबवल्या होत्या. २५ ऑक्टोबर २००५ रोजी ती स्थगिती उठली आणि घर खाली करण्याचे दावे कोर्टात सुरू झाले. लुइझियानाच्या कायद्यात भाडेकरूला पाच दिवसांची नोटीस पुरते, आणि तो घरी नसेल तर ती दारावर चिकटवली तरी चालते. शहर रिकामं करा असा सरकारचाच हुकूम होता. भाडेकरू ह्यूस्टनमध्ये, अटलांटात, कुठल्या तरी नातेवाइकाच्या दिवाणखान्यात गादी टाकून पडलेला. इकडे निर्मनुष्य गल्लीत त्याच्या दारावर कागद. त्या कागदाची मुदत भरते, कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा होतो, तो हजर नाही, हुकूम निघतो आणि सामान फुटपाथवर येतं. कायद्याच्या दृष्टीने सगळं यथासांग. भाडेकरूंच्या बाजूने काही वकील केंद्रीय न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली ती साध्या व्यवहारज्ञानाची होती. विस्थापितांचे सध्याचे पत्ते ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती संस्थेकडे आहेतच, तेव्हा नोटीस त्या पत्त्यावर टपालाने पाठवा आणि सुनावणी त्यानंतर ४५ दिवसांच्या आत ठेवू नका. एवढी गोष्ट मिळवायला खटला लागला.

इथवर वाचून घरमालकांना शिव्या घालाव्याशा वाटतील. थोडं थांबा. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वस्त्यांत एक ठरावीक घर दिसतं: अरुंद, लांबलचक, लाकडी, एकामागून एक खोल्या, मध्ये बोळ नाही. त्याला तिथे ‘शॉटगन’ म्हणतात. अशी दोन घरं एका छपराखाली, मधल्या सामाईक भिंतीने जोडली की झालं ‘डबल’. अनेकदा एका बाजूला मालकीण राहायची आणि दुसऱ्या बाजूचं भाडं हे तिचं पेन्शन. शहरातली भाड्याची पुष्कळशी घरं अशीच होती, एक ते चार बिऱ्हाडांची. मोठ्या टोलेजंग इमारतींच्या कंपन्या विमा आणि वकील बाळगून असतात. डबलच्या मालकिणीचा विमा तुटपुंजा, कर्ज फिटलेलं म्हणून बँकेचा तगादा नाही आणि तगादा नाही म्हणून पुराचा विमाही नाही. तिचं अर्धं घर दुरुस्त झालं नाही तर उरलेल्या अर्ध्यातलं बिऱ्हाडही परत येणार नाही.

आणि सरकारी मदत? ‘रोड होम’ ही तिथली मोठी योजना. तीत १,३०,००० हून अधिक घरमालकांना मिळून सुमारे ९ अब्ज डॉलर वाटले गेले. एका घराला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. पण अट अशी की वादळाआधीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतलं जे कमी असेल ते धरायचं. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तशाच घराला भाव कमी, म्हणून तेवढ्याच नुकसानीला मदत कमी. त्यावरून खटला झाला आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. पण हे मालकांचं भांडण. भाडेकरूला या योजनेतून थेट काहीच नव्हतं. त्याला मिळाली ती ठरावीक काळापुरती भाडेमदत. म्हणजे कमी पडलेल्या घरांसाठी बोली लावायला आणखी थोडे पैसे.

छोट्या घरमालकांसाठी याच कार्यक्रमाखाली वेगळी योजना काढली होती: दुरुस्ती करा, घर परवडणाऱ्या भाड्याने द्या, मग पैसे घ्या. ‘मग’ या शब्दात सगळं आलं. ज्याच्याजवळ दुरुस्तीला पैसे आहेत त्यालाच दुरुस्तीचे पैसे मिळणार. बँका दारात उभं करेनात. पुढे नियम बदलून आगाऊ रक्कम देण्याची सोय झाली, पण तोवर कित्येक डबल विकले गेले होते किंवा वेलींनी झाकले होते.

फेमाने हजारो ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, वाटली. ट्रेलर उभा करायला जागा, पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी लागते. मालकाकडे ते सगळं घरापुढच्या अंगणातच होतं. ट्रेलर अंगणात, आणि दिवसभर मोडलेल्या घराचं काम. भाडेकरूला अंगण कुठलं? त्याची रवानगी ट्रेलरच्या वसाहतीत. बॅटन रूजजवळ बेकर इथली रेनेसान्स व्हिलेज ही त्यातली मोठी, न्यू ऑर्लिन्सपासून शंभर किलोमीटरहून दूर. नोकरी शहरात, मुक्काम तिथे. त्यात पुढे ट्रेलरच्या प्लायवूडमधून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडत असल्याचं सरकारी तपासणीत आढळलं आणि लोकांना तिथूनही हलवावं लागलं.

सरकारच जिथे घरमालक होतं तिथे तरी बरं घडलं असेल? शहरात सार्वजनिक गृहसंकुलांत पाच हजारांहून जास्त कुटुंबं राहत होती. चार संकुलं मोठी: सेंट बर्नार्ड, लाफिट, बी. डब्ल्यू. कूपर आणि सी. जे. पीट. विटांची भक्कम बांधणी. वरच्या मजल्यांवर पाणी पोचलंच नव्हतं. तरी दारं-खिडक्या लोखंडी पत्र्यांनी बंद केल्या गेल्या आणि भोवती कुंपण पडलं. २० डिसेंबर २००७ रोजी नगरपरिषदेने सुमारे साडेचार हजार घरं पाडण्याला एकमताने मंजुरी दिली. बाहेर फाटकाशी रहिवासी आणि पोलीस यांची झटापट सुरू होती, मिरीचा फवारा मारला जात होता. या संकुलांत गुन्हेगारी होती, दारिद्र्य कोंबून ठेवलेलं होतं, हे खोटं नाही, आणि नंतर तिथे उभ्या राहिलेल्या वसाहती दिसायला नीटनेटक्या आहेत. मला खुपतो तो मुहूर्त. पाच हजार कुटुंबांना वस्तीतून हलवणं एरवी दहा वर्षांत जमलं नसतं. पुराने ते आधीच करून ठेवलं होतं, आता फक्त परत येऊ द्यायचं नव्हतं. नव्या वसाहतींत सर्वांत गरीब भाडेकरूंसाठी राखलेली घरं पूर्वीच्या मानाने बरीच कमी भरली.

शेजारच्या सेंट बर्नार्ड पॅरिशने तर कमालच केली. (नाव तेच, पण हा वेगळा परगणा, वस्ती बहुतांशी गोऱ्या घरमालकांची.) सप्टेंबर २००६ मध्ये तिथे ठराव झाला की स्वतंत्र घर खास परवानगीशिवाय रक्ताच्या नातेवाइकाखेरीज कोणाला भाड्याने द्यायचं नाही. मालक गोरे, मग नातेवाईक कोण, हे सांगायला नको. कोर्टात तो टिकला नाही. मग भाड्याच्या मोठ्या इमारतींना बंदी घालण्याची वाट काढली, तीही न्यायालयाने अडवली.

आता घरी परत येऊ. २०१९च्या महापुरानंतर कोल्हापूर-सांगलीत ज्यांची राहती घरं पूर्ण पडली त्यांना दुसरीकडे भाड्याने राहण्यासाठी ग्रामीण भागात २४,००० आणि शहरी भागात ३६,००० रुपये देण्याचं सरकारने ठरवलं. चांगलीच सोय. पण घर पडलं कोणाचं, हे ठरतं घरपट्टीच्या पावतीवरून आणि मिळकतीच्या उताऱ्यावरून. भिजलेल्या भांड्याकुंड्यांचे, कपड्यांचे पैसे भाडेकरूलाही मिळू शकतात, पण आधी तो तिथेच राहत होता हे दाखवावं लागतं. लाईट बिल मालकाच्या नावावर, रेशनकार्ड गावाकडचं, आणि अकरा महिन्यांचा करार असलाच तर कपाटात होता, म्हणजे आता लगदा.

कायदा काय म्हणतो? १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम १०८मध्ये आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा हिंसाचार यांनी जागा निकामी झाली तर भाडेपट्टा रद्द करायचा की नाही ही निवड भाडेकरूकडे दिली आहे. पण इमारतच नष्ट झाली तर? त्याबरोबर भाडेहक्कही संपतो, असं सर्वोच्च न्यायालयाने एकेकाळी म्हटलं होतं. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं: भाडेपट्ट्यात खालची जमीनही येते, म्हणून इमारत गेली तरी हक्क आपोआप जात नाही. वाड्यातल्या, चाळीतल्या जुन्या भाडेकरूला याचा मोठा आधार.

पण आज पुण्या-मुंबईत खोली घेणारा मुलगा ‘भाडेकरू’ नसतोच. त्याच्या करारावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलेलं असतं, आणि परवाना हा विषय येतो त्याच १८८२ सालच्या दुसऱ्या कायद्यात, सुविधाधिकारांच्या. त्याच्या कलम ६२प्रमाणे जागा नष्ट झाली की परवाना रद्द झाला असं मानलं जातं. एकाच वाड्यात समोरासमोरच्या दोन खोल्या, एकीत आजोबांच्या काळापासूनचं बिऱ्हाड, दुसरीत अकरा महिन्यांचा करार. वाडा एकाच रात्री पडला तर सकाळी पहिल्याजवळ न्यायालयात मांडायला हक्क शिल्लक असतो आणि दुसऱ्याजवळ बहुधा डिपॉझिटची पावती.

पुढच्या लेखांकात भूज, २००१: कोटाच्या आतल्या गल्ल्या, जमिनीची फेरआखणी आणि त्या नकाशावर भाडेकरूंची नावं कुठे लिहायची हा वाद.