सुभद्रेची भूमिका बाईने केली तेव्हा : हिराबाई बडोदेकर

कंपनीच्या बसमध्ये, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये, जिथे असाल तिथे हेडफोन लावा.

मागच्या आठवड्यात मला एकाने विचारलं, "ऑपेरा म्हणजे काय रे? आपल्याकडे असलं काही आहे का?" मी म्हटलं, आहे की! ऑपेरात कथा गाण्यातून पुढे जाते. त्यात बाईच्या सगळ्यात उंच पट्टीच्या आवाजाला सोप्रानो म्हणतात. त्याचं आपल्याकडचं जवळचं भावंड म्हणजे संगीत नाटक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं, १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र'. फरक एवढाच, की ऑपेरात जवळजवळ सगळं गातात. आपल्याकडे बोलतात आणि मधे पदं गातात. माइक मात्र तेव्हा दोन्हीकडे नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो स्वतःच्या दमावर.

आता गंमत बघा. सुभद्रा, रुक्मिणी, भामिनी या बायका, पण रंगमंचावर उभे राहायचे पुरुष. बालगंधर्व यातले सगळ्यात मोठे नाव. लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. पण मग बाईला गाता येत नव्हतं का? येत होतं. अडचण गळ्याची नव्हती. चारचौघांत गाणारी बाई म्हणजे 'तसली', असं समाजाने ठरवून टाकलं होतं.

इथे येतात हिराबाई बडोदेकर. जन्म १९०५, मिरजेत. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. आईवडील वेगळे झाले आणि मुलं आईकडे राहिली. हिराबाईंनी उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम घेतली. किराण्याची खासियत म्हणजे सूर. एकेक सूर सावकाश, मन लावून लावायचा. हिराबाईंचा आवाज गोड, नितळ, कुठेही आरडाओरड नाही.

तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांमध्ये त्यांचं नाव येतं. आज आपण सहज तिकीट बुक करतो. तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता : कोणाच्या मर्जीवर नाही, माझ्या कलेच्या दामावर गाते. पुढे आई आणि भावंडांसोबत त्यांनी नाटकं केली, त्यात बायकांच्या भूमिका बायकाच करत. ती नाट्यशाखा फार वर्षं टिकली नाही, पण दार उघडलं ते उघडलंच. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७० मध्ये पद्मभूषण. प्रभा अत्रे त्यांच्याच शिष्या.

अमेरिकेतही असंच एक दार होतं. लिओन्टीन प्राइस ही मिसिसिपीतली कृष्णवर्णीय सोप्रानो. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती पहिल्यांदा उभी राहिली आणि टाळ्या थांबेनात. तिथे रंग आड येत होता, इथे बाई असणं.

मला हे आजही महत्त्वाचं वाटतं. "गाणं शिक, पण स्टेजबिज नको," हे वाक्य आपल्या पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांमध्ये अजून ऐकू येतं. तुमच्या घरात कोणी म्हणालं, तर त्यांना हिराबाईंचं एक जुनं रेकॉर्डिंग लावून द्या. जुन्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, म्हणजे दोन-तीन रील्सएवढी. भांडायची गरज नाही, तो आवाजच बोलेल.

भेटू पुढच्या भागात!