जिनचे प्रकार : नाव आणि प्रक्रिया

‘लंडन’, ‘प्लिमथ’ अशा नावांमुळे जिन या मद्याचे प्रकार स्थळांवरून ठरतात, असा समज सहज होतो. वस्तुतः हे वर्गीकरण मुख्यतः प्रक्रियेवर आधारलेले आहे. आणि प्रक्रियाभेदाचे मूळ जिनला आधारभूत असलेल्या मद्यार्काच्या शुद्धतेत आढळते.

जूनिपर या सदाहरित झुडपाच्या फळांचा स्वाद हे जिनचे व्यवच्छेदक लक्षण होय. नेदरलंड्स व बेल्जम या प्रदेशांतील जेनेव्हर हा तिचा पूर्वज. त्यात सातू, राय इत्यादी धान्यांपासून गाळलेला अर्क असतो व त्याची धान्याची चव मुद्दाम राखलेली असते. ‘जुने’ व ‘नवे’ जेनेव्हर हा भेदही वयाचा नसून कृतीचा आहे : नव्यात हा धान्यार्क शेकडा १५ हून अधिक नसतो, तर जुन्यात तो किमान तितका असतो.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मद्यार्क ओबडधोबड असे. त्याचे दोष झाकण्यास उग्र सुगंधी द्रव्ये व गोडवा उपयोगी पडत. ‘ओल्ड टॉम’ ही गोडसर जिन या परंपरेतील होय. १८३० मध्ये इनियस कॉफी याने अखंड ऊर्ध्वपातनाच्या यंत्राचे एकस्व मिळविले. या पद्धतीने स्वच्छ मद्यार्क विपुल मिळू लागला, झाकण्याजोगे फारसे उरले नाही आणि कोरड्या, म्हणजे साखरविरहित, जिनचा मार्ग मोकळा झाला.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमांत तीन वर्ग मानले आहेत. साध्या जिनमध्ये स्वादद्रव्ये मद्यार्कात केवळ मिसळली तरी चालतात. ‘ऊर्ध्वपातित’ जिनमध्ये मद्यार्क जूनिपरसह पुन्हा गाळावा लागतो. मात्र नंतर स्वाद घालण्यास मुभा असते. ‘लंडन’ जिनचा स्वाद मात्र नैसर्गिक वनस्पतिद्रव्यांसह केलेल्या ऊर्ध्वपातनातूनच यावा लागतो. साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमहून अधिक चालत नाही. स्थळाची अट नाही. म्हणूनच गोव्यातही २०१७ पासून ‘लंडन ड्राय’ जिन तयार होते. याउलट प्लिमथ जिनला खरोखरच भौगोलिक संरक्षण होते. ते २०१५ मध्ये संपुष्टात आले.

तथापि या व्यवस्थेत एक अडचण राहतेच. मद्यार्काचे प्रमाण (किमान शेकडा ३७.५) व साखर मोजता येते, परंतु जूनिपरचा स्वाद ‘प्रधान’ असावा, ही मूळ अट कोणत्याही आकड्यात बांधलेली नाही. गौण लक्षणे मापाने ठरतात, व्यवच्छेदक लक्षण मात्र जिभेवर सोपविलेले आहे. फुले, फळे व मसाले यांना अग्रस्थान देणाऱ्या नव्या जिनांविषयीचा वाद याच उणिवेतून उद्भवतो.