सूर्यास्ताआधीचा मुक्काम

उन्हाळ्याच्या सुटीत सहलीचा विषय निघाला, की अनेक घरांत एक वाक्य ठरलेले असते : “तुम्ही सगळे जाऊन या, मी घरीच थांबते.” हे वाक्य बहुधा आजीचे असते. आपला चौविहार, गाळलेले पाणी आणि कंदमुळांचा त्याग वाटेत सांभाळला जाणार नाही व आपल्यापायी मुलांचा विरस होईल, ही तिची भीती. त्यातून डोंगरात तंबू ठोकून राहायचे म्हटले, तर ती हसून विषयच संपवते. वस्तुतः तंबूतील मुक्काम आणि व्रतनियम यांत विरोध नाही. दोष आहे तो बेत आखण्याच्या क्रमात. आधी अंतर आणि स्थळे ठरतात, जेवणाची वेळ शेवटी उरते. हा क्रम उलटा केला, तर पालघर-बोईसरच्या कुटुंबाला पूर्वेकडील सह्याद्री आजीसह पाहता येतो.

मे महिन्यात या भागात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सहाला पाने वाढायची, तर पाचला स्वयंपाकास आरंभ व्हावा, चारपर्यंत तंबू उभे राहावेत आणि तीनच्या आत गाडी मुक्कामी पोहोचावी. घाटातील वळणांनी मुलाला होणारी मळमळ किंवा टायरचे पंक्चर यांसाठी एक तास राखून ठेवावा. म्हणून पहिल्या दिवशी पालघरहून मनोर, विक्रमगडमार्गे जव्हार हे सुमारे 75 किलोमीटरचे अंतर पुरेसे आहे. सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारशी पारून निघाले, तरी ऊन तापण्यापूर्वी पोहोचता येते.

सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील जव्हार हे मुकणे राजघराण्याचे जुने संस्थान. येथील शिरपामाळावर 1664 च्या सुरतेच्या स्वारीस जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला, असे सांगितले जाते. तंबूत झोपायला निघालेल्या मुलांना ही कथा त्याच माळावर ऐकवावी. दुसरा मुक्काम मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या पठारावर करावा. तेथील रात्र बोईसरच्या रात्रीहून थंड असते.

या प्रदेशात खरी कसोटी आहे ती पाण्याची. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो. पण कातळाच्या उतारांवरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या विहिरीवर बायाबापड्या हंडे घेऊन तिष्ठतात, तेथे सहलीच्या गाडीने कॅन भरून घेणे अहिंसेला शोभत नाही. पाच माणसांना पिण्यासाठी प्रत्येकी रोज चार लिटर धरले, तर दोन दिवसांचे 40 लिटर होते. स्वयंपाक व धुण्यासाठी आणखी 20 लिटर घ्यावे. हे पाणी घरूनच गाळून न्यावे. गाळण्यातील जीव ज्या पाण्याचे, त्याच पाण्यात परत सोडायचे, हा नियमही त्यामुळे सहज पाळला जातो. पिण्याचे पाणी छोट्या गॅसशेगडीवर रोज उकळून घ्यावे.

तंबूसाठी जागा निवडताना मालकाची किंवा ग्रामपंचायतीची अनुमती आधीच घ्यावी. राखीव वनात आग पेटवणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि मे महिन्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगीही पुरते. शेकोटीवर झेपावणाऱ्या कीटकांचा विचार केला, तर ती टाळणेच इष्ट. पांढऱ्याऐवजी पिवळ्या प्रकाशाचा दिवा वापरल्यास त्याकडे कीटक कमी येतात. दिवा लवकर मालवला, की मुलांना आकाशातील तारे दिसतील; तारापूरच्या कारखान्यांच्या उजेडात ते दिसत नाहीत.

ढाब्यांवर कांदा-बटाट्यावाचून पदार्थ मिळणे कठीण. म्हणून खाखरे, थेपले, मुगाची डाळ, तांदूळ, सातूचे पीठ आणि कैरीच्या पन्ह्याचा अर्क सोबत असावा. डहाणू-घोलवडचे चिकू घरून घ्यावेत. मनोरजवळच्या बहाडोलीची जांभळे हंगाम साधला तर वाटेतच मिळतात. निघण्यापूर्वी ब्रेक, कूलंट व टायरमधील हवा तपासावी. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडी चालवावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मोखाड्याहून तोरंगण घाटाने त्र्यंबककडे जावे. वाटेत अंजनेरी गावात प्राचीन जैन मंदिरांचे अवशेष आहेत. रात्री नाशिकजवळच्या म्हसरूळ येथे, गजपंथ सिद्धक्षेत्राच्या पायथ्याशी धर्मशाळेत विसावा घ्यावा. चौथ्या दिवशी सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील मांगी-तुंगी गाठावे. तेथे कातळात घडवलेली भगवान ऋषभदेवांची 108 फूट उंच प्रतिमा आहे. तिचा पंचकल्याणक महोत्सव 2016 मध्ये झाला. मांगी-तुंगीच्या शिखरांकडे जाणाऱ्या पायऱ्या हजारोंच्या संख्येत आहेत. उन्हापायी अनेकजण अंधारातच चढू लागतात. परंतु पायाखालचा जीव दिसेल इतके उजाडल्यावरच पाऊल टाकावे आणि नऊपूर्वी परतावे. आजीसाठी डोलीची व्यवस्था धर्मशाळेत आधीच विचारून ठेवावी. नाही जमले, तर पायथ्याच्या मंदिरात तिच्यासोबत कुणीतरी थांबावे.

परतीचे अंतर सुमारे 300 किलोमीटर आहे. ते एका दिवसात रेटू नये. नाशिकला एक मुक्काम करावा.

बेत आखायला घरातील सर्वांनी आठ दिवस आधी एकत्र बसावे. कागदावर पहिल्या ओळीत सूर्यास्ताची वेळ लिहावी आणि मग आजीला विचारावे. “मी घरीच थांबते” हे वाक्य कदाचित या वेळी ऐकू येणार नाही.