अडुळशाचं माप

खोकला झाला की आजी अडुळशाचा काढा देते. आमच्या जांभूळ गावातही देतात. पण सगळी पानं सारख्याच गुणाची असतात का? नाही! जागा आणि ऋतूप्रमाणे त्यांतलं ‘वासिसिन’ कमी-जास्त होतं. कमी पडलं तर गुण येत नाही, फार झालं तर उलट्या होतात. म्हणून ते मोजावं लागतं.

कसं? सिलिकाचा थर दिलेल्या काचपट्टीवर अर्काचा थेंब आणि शेजारी मोजून घेतलेला शुद्ध वासिसिनचा थेंब लावतात. पट्टीचं खालचं टोक द्रावकात बुडवलं, की घटक वेगवेगळ्या उंचीवर चढतात. मग समान उंचीवरच्या दोन ठिपक्यांची यंत्र तुलना करतं.

तुम्हीही खडूवर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या, खडू थोड्या पाण्यात उभा करा. ठिपका मात्र पाण्याच्या वर हवा. किती रंग निघाले?