आपल्या खिशातला मोबाईल आजूबाजूला काय सांगत असतो?

पनवेल स्थानकात सकाळी सीएसएमटीची लोकल फलाटाला लागली की डबा भरायला वेळ लागत नाही. बसल्या जागी मोबाईलमधले ब्लूटूथचे पान उघडून पाहा. कुणाचे इअरबड, कुणाचे घड्याळ, आणि मध्येच कुणाचा तरी फोन दिसतो, नाव-आडनावासकट. त्या माणसाने डब्यात कुणालाही आपले नाव सांगितलेले नसते. त्याच्या फोनने सांगितलेले असते.

आडनाव सांगणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला समजावण्याची गरज नाही. कामोठे, कळंबोली, खारघरला भाड्याची खोली बघायला गेलेल्या आपल्या मुलांना तो प्रश्न कितव्या मिनिटाला येतो ते सगळ्यांना माहीत आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका तरुणाचा खून झाला, ती बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. रिंगटोन निदान मालकालाही ऐकू येते. फोन बाकी जे बोलतो ते मालकाच्याही कानावर पडत नाही. म्हणून हा विषय फक्त तंत्रज्ञांवर सोडण्यासारखा नाही.

आपण मोबाईलला एक यंत्र समजतो, पण त्याच्यात अनेक रेडिओ असतात. एक टॉवरशी बोलतो. दुसरा वाय-फायचा, तिसरा ब्लूटूथचा. बऱ्याच फोनमध्ये एनएफसी नावाचा चौथाही असतो, तो जेमतेम चार सेंटिमीटरवर चालतो, म्हणून कार्ड किंवा फोन मशीनला जवळजवळ टेकवावा लागतो. जीपीएस मात्र फक्त ऐकतो. उपग्रह वेळ आणि आपली जागा सांगत फिरत असतात, फोन ते ऐकून स्वतःचे ठिकाण काढतो, आणि उपग्रहाला तुमच्या फोनचा पत्ताही नसतो. ‘सॅटेलाइटवरून आपल्याला बघतात’ असे जे सर्रास बोलले जाते ते या अर्थाने चुकीचे आहे. ठिकाण बाहेर जाते ते ॲप आणि टॉवरमार्फत.

जवळच्या यंत्रांशी बोलण्याचे मुख्य काम ब्लूटूथचे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचे नाव त्याला मिळाले. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. याच पट्ट्यात वाय-फाय आहे आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा. एवढ्या गोंगाटात बोलणे तुटू नये म्हणून जुने ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलते. एकदा जोडी जमली की दोन्ही यंत्रांना उड्यांचा क्रम माहीत असतो. बाहेरच्याला तुकडेच ऐकू येतात.

पण जोडी जमण्याआधी एकमेकांना शोधावे लागते, आणि आपल्या कामाचा भाग तोच. घड्याळ, इअरबड, वस्तू शोधायचा टॅग यांच्यात २०१० नंतर आलेले कमी विजेचे ब्लूटूथ असते. त्याच्या ४० वाहिन्या आहेत. त्यांपैकी तीन मुख्यतः हाक मारण्यासाठी राखून ठेवल्या आहेत. यंत्र ठरावीक अंतराने या तिन्हींवर एक छोटी आरोळी ठोकते: मी अमुक प्रकारचे यंत्र आहे, हा माझा पत्ता. साध्या आरोळीत माहितीसाठी जागा फक्त ३१ बाइट, म्हणजे जेमतेम एक ओळ. ती कुणा एकाला उद्देशून नसते, टप्प्यातल्या कुणालाही ऐकू येते. बाजारात भाजीवाली भाव ओरडते तसेच. घेणाराही ऐकतो, न घेणाराही ऐकतो.

पत्ता कायम एकच राहिला तर? आज दादरला ऐकलेला पत्ता उद्या आझाद मैदानात ऐकू आला की हा तोच फोन हे कळते. नाव माहीत नसले तरी माग काढता येतो. म्हणून आता बहुतेक फोन खोटा, तात्पुरता पत्ता वापरतात आणि तो साधारण पंधरा मिनिटांनी बदलतात. स्वस्त इअरबड आणि मनगटी पट्ट्यांत मात्र ही काळजी सगळीकडे घेतलेली नसते. फोन शहाणा आणि कानातला डबा भोळा, अशी स्थिती असू शकते.

वाय-फायची गोष्ट याहून बोलकी आहे. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव जाहीर करतो, ते आपल्याला यादीत दिसते. उलट बाजूने फोनही विचारत असतो, ओळखीचे कुणी आहे का? जुने फोन हे विचारताना पूर्वी जोडलेल्या नेटवर्कची नावे घेत. म्हणजे वसतिगृह, कार्यालय, विहार, जिथे जिथे वाय-फाय वापरले त्यांची नावे रस्त्याने पुकारत जायचे. आपण कुठे ऊठबस करतो याची यादीच ती. नवे फोन सहसा असे करत नाहीत, पण नाव लपवलेल्या नेटवर्कला जोडलेला फोन अजूनही ते नाव घेऊन हाक मारतो. म्हणून संस्थेच्या कार्यालयात सुरक्षेसाठी वाय-फायचे नाव लपवून ठेवण्याचा जो सल्ला दिला जातो तो मला पटत नाही. नाव साधे ठेवावे आणि पासवर्ड भक्कम ठेवावा.

हे ऐकून ठेवणारे कुणी असते का? असते. लंडनच्या व्यापारी भागात २०१३ मध्ये एका कंपनीने रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये यंत्रे बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे वाय-फाय पत्ते टिपले होते. आरडाओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते बंद करायला लावले. पुढच्या वर्षी ॲपलने शोध घेताना खोटा पत्ता वापरायला सुरुवात केली, अँड्रॉइडमध्येही पुढे ही सोय आली.

जाता जाता एक गैरसमज. वडापावच्या गाडीवर पैसे भरले की डबी रक्कम बोलून दाखवते. अनेकांना वाटते, आपला फोन त्या डबीशी बोलला. तसे नाही. तुमच्या फोनने कॅमेऱ्याने क्यूआर वाचला, संदेश इंटरनेटवरून बँकांकडे गेला, तिथून पैसे जमा झाल्याची खबर डबीतल्या स्वतःच्या सिमकार्डावर आली. हातभर अंतरावरच्या दोन यंत्रांचे बोलणे शहराबाहेरून फिरून आले. टोलनाक्यावरच्या फास्टॅगचे उलटे आहे. त्यात ना सिम ना बॅटरी. नाक्यावरचे यंत्र लहरी सोडते, त्यांच्याच ऊर्जेवर काचेवरचा टॅग जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो.

गाणी-व्हिडिओ देण्याघेण्याचेही थोडे सांगितले पाहिजे. एके काळी रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्डावर भीमगीते भरून मिळत, मग ती ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर जात. एक गाणे पाठवायला फोन शेजारी ठेवून थांबावे लागे. एक जीबीचा व्हिडिओ त्या वेगाने पाठवायचा तर तास उलटून जाईल. म्हणून आताची ॲप दोन रेडिओ वापरतात. ब्लूटूथने समोरचा फोन शोधायचा, ओळख पटवायची, आणि मग दोन फोनमध्ये थेट वाय-फाय उभे करून फाईल ढकलायची. यात इंटरनेट लागत नाही, डेटा जात नाही. शेअरइट आणि झेंडर ही ॲप जून २०२० च्या बंदीत गेली. गुगलची तशीच सोय आता क्विक शेअर नावाने फोनमध्येच असते, आयफोनमध्ये एअरड्रॉप. दोन्हींत ‘सर्वांसाठी खुले’ असा पर्याय आहे. तो चालू असला की फोनचे नाव सर्वांना दिसते आणि अनोळखी माणूस नको ते चित्र पाठवू शकतो. गर्दीच्या डब्यात मुलींना असा त्रास झाल्याच्या बातम्या जगभरातून आल्या आहेत.

आरोग्य सेतूचा धडा

जवळचे फोन ओळखण्याचा आपल्या देशातला सर्वात मोठा प्रयोग कोरोनाच्या काळात झाला. २ एप्रिल २०२० रोजी आरोग्य सेतू आले आणि दीड महिन्याच्या आत ते दहा कोटींहून जास्त लोकांनी घेतले. कल्पना सरळ होती. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथने एकमेकांचा क्रमांक टिपून ठेवतील. पुढे एकाला लागण झाली की त्याच्या फोनमधली यादी सरकारी सर्व्हरवर जाईल आणि जवळ आलेल्यांना कळवले जाईल. सोबत जीपीएसने ठिकाणही नोंदले जाई.

अडचण होती ‘जवळ’ या शब्दाची. ब्लूटूथला अंतर मोजता येत नाही. त्याला फक्त समजते की आवाज मोठा आला की बारीक, आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधला जातो. माणसाचे शरीर बरेचसे पाण्याचे, आणि पाणी या लहरी गिळते. म्हणून मागच्या खिशात फोन ठेवलेला शेजारी लांब वाटतो, तर पत्र्याच्या भिंतीपलीकडचा माणूस, ज्याचे तोंडही आपण पाहिले नाही, तो जवळ वाटतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये ट्राममध्ये मोजमाप केले, तेव्हा धातूच्या डब्यात लहरी आदळून परत येत असल्याने अंदाज साफ फसत होता. बंगल्यात राहणाऱ्यासाठी हा तपशील असेल. एका भिंतीआड चार घरे असलेल्या वस्तीत तो तपशील राहत नाही.

त्यातच १ मेच्या केंद्रीय आदेशाने सरकारी आणि खासगी सर्व कर्मचाऱ्यांना हे ॲप सक्तीचे केले. स्मार्टफोन नसलेल्या घरकाम करणाऱ्या बाया, नाक्यावर उभे राहणारे मजूर यांचे काय? साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा क्रमांक दिला होता, पण त्या फोनला शेजारचा फोन ओळखता येत नाही. १७ मेच्या आदेशात सक्तीची भाषा सौम्य झाली आणि २६ मे रोजी अँड्रॉइडचा कोड खुला केला गेला. तरी ऑक्टोबरमध्ये, हे ॲप नेमके कुणी बनवले याचे नीट उत्तर माहिती अधिकारात मिळेना, तेव्हा केंद्रीय माहिती आयोगाला नोटीस काढावी लागली. सिंगापूरमध्ये तर फक्त साथीसाठी म्हणून गोळा केलेली अशीच माहिती पोलिसांना फौजदारी तपासात घेता येते, हे जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला मान्य करावे लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. तो हक्क मागताना ॲप काय टिपते आणि टिपलेले कुठे जाते, एवढे दोन प्रश्न तरी कार्यकर्त्याला विचारता आले पाहिजेत.

सहा डिसेंबरच्या गर्दीत

महापरिनिर्वाण दिनी शिवाजी पार्कला फोन लागत नाही, हा सर्वांचा अनुभव. टॉवरची एकाच वेळी इतक्यांना सांभाळण्याची कुवत नसते. ब्लूटूथला टॉवर लागत नाही, त्यामुळे ते तेव्हाही चालते. यावरच काही ॲप उभी आहेत. माझा संदेश शेजारच्या फोनला, त्याच्याकडून पुढच्याला, अशी साखळी. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात फायरचॅट असेच वापरले गेले, २०१९ मध्ये ब्रिजफाय. साखळी जमायला आजूबाजूला पुरेशा फोनांत तेच ॲप हवे, ही पहिली अडचण. दुसरी जास्त गंभीर: २०२० मध्ये लंडनच्या रॉयल होलोवे विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की ब्रिजफायवरचे संदेश वाचता येत होते आणि कोण कुणाशी बोलतो हेही कळत होते. आंदोलकांना ते सुरक्षित वाटत होते. शिवाय अशा ॲपवर सरकारची नजर असते. मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या अतिरेक्यांचे कारण देऊन केंद्राने १४ ॲप बंद केली, त्यांत ब्लूटूथवर चालणारे ब्रायर होते. म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचे हे निघतानाच ठरवणे आणि लहान मुलाच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवणे, हा उपाय मला अजून सर्वांत खात्रीचा वाटतो.

फोनमध्ये काय बघायचे? आधी फोनचे नाव. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ब्लूटूथच्या पानावर ते बदलता येते, हॉटस्पॉटचे नाव वेगळे असते तेही पाहावे. ‘जय भीम’ नाव ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे, अभिमानाने ठेवावे. ते आपण ठेवलेले असावे, दुकानदाराने फोन सुरू करताना घातलेले पूर्ण नाव तसेच राहिलेले नसावे, एवढेच माझे म्हणणे. हॉटस्पॉट चालू असेपर्यंत ते नाव सतत प्रसारित होते. ब्लूटूथचे नाव बहुतेक नव्या फोनमध्ये ते पान उघडे असतानाच दिसते.

बंद करण्यातही खोच आहे. आयफोनवर वरून पडदा ओढून ब्लूटूथ किंवा वाय-फाय बंद केले तर ते फक्त तात्पुरते तुटते, दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होते. पूर्ण बंद करायचे तर सेटिंगमध्ये जावे लागते. अँड्रॉइडवर लोकेशनच्या आत ‘वाय-फाय स्कॅनिंग’ आणि ‘ब्लूटूथ स्कॅनिंग’ अशी दोन वेगळी बटणे असतात. ती चालू असली तर वाय-फाय बंद दिसत असतानाही फोन आजूबाजूचे राउटर मोजत राहतो आणि त्यावरून ठिकाण काढतो. मॉलच्या तळमजल्यावर जीपीएस पोहोचत नाही, तरी नकाशा आपल्याला बरोबर दाखवतो तो यामुळेच.

महिला कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. किल्ली किंवा बॅग शोधण्यासाठीचे नाण्याएवढे टॅग आता स्वस्तात मिळतात. त्यांत जीपीएस नसते. ते फक्त ब्लूटूथने हाक मारतात, जवळून जाणारा कुणाचाही फोन ती ऐकतो आणि ठिकाण मालकाला कळवतो. कुणी असा टॅग गुपचूप पर्समध्ये टाकला तर आपल्याच आजूबाजूच्या लोकांचे फोन आपला पत्ता त्याला देत राहतात. अँड्रॉइडमध्ये जुलै २०२३ पासून अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा मिळतो, आयफोनमध्येही मिळतो. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या पानावर ‘अननोन ट्रॅकर अलर्ट्स’ शोधावे. तिथेच आता लगेच शोध घेण्याचे बटणही आहे. टॅग सापडला तर फेकून देऊ नये. त्यावरचा अनुक्रमांक आणि फोनवर आलेल्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, तक्रार देताना तो पुरावा आहे.