जुन्या जीपची थरथर

कर्वेनगरहून चांदणी चौक, पिरंगुट, ताम्हिणी करत ईदला माणगाव-महाडकडे निघणाऱ्या एखाद्या घरात अजूनही जुनी जीप असते. मुलेबाळे, दादी, डबे, सगळे तिच्यातच. गॅरेजमध्ये जाऊन "गाडी हादरते" एवढेच सांगितले, तर अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो आणि बिल वाढत जाते. म्हणून आम्ही घरात सांगतो, ती केव्हा हादरते ते आधी लिहून काढा.

ठरावीक वेगालाच स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी टायर आणि चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. हे काम स्वस्तातले. पण खड्ड्यातून गेल्यावर स्टेअरिंग डावीउजवीकडे जोराने झटके देऊ लागले, तर टाय रॉडचे जॉइंट किंवा किंगपिन सैल असू शकतात. अशी गाडी घाटात नेऊच नये. गिअर टाकताना खालून 'टक्' वाजले, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बहुधा झिजलेला असतो. क्लच सोडतानाच हादरा बसला, तर क्लच प्लेट किंवा इंजिनाचे माउंटिंग.

एक हादरा मात्र बिघाडाचा नव्हे. चिखलातून निघाल्यावर फोर-व्हील तसेच राहते. कोरड्या डांबरी वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचे असते, पण पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने जखडलेला. मग गाडी अडखळते, उड्या मारते. लिव्हर टू-व्हीलवर आणा.

ब्रेक दाबल्यावरच थरथरली, तर ड्रम तपासून घ्या, आणि ते काम चांदरातीवर टाकू नका. गॅरेजवाल्यालाही घर असते.